ताण मोडला ते वर्ष

हल्ली नागपुरातून कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा, थोड्या थोड्या अंतरावर एक पाटी दिसतेच. ‘या, आपल्या हातानं तोडा, पोटभर खा.’ पाटीवर भलंमोठं संत्रं काढलेलं असतं, त्याला डोळे, दात आणि डोक्यावर फेटा. ही पाटी दिसली की माझं डोकं सणकतं. माझा नवरा गाडी चालवताना अशा ठिकाणी आताशा मुद्दाम दुसराच विषय काढतो. लोकांनी बगिच्यात येऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. यावं, खावं, लेकराबाळांना झाड दाखवावं. माझ्या बगिच्यातही येतात. पण येण्याआधी फोनवर जे विचारतात, ते जरा ऐकून घ्या. मॅडम, गार्डन ग्रीन आहे ना? फोटो चांगले येतील ना? फळ गोड आहे का, कधी तोडायचं, कसं तोडायचं, हे शंभरातला एखादा विचारतो. एका बाईंना मी सरळ सांगितलं की हिरवंच पाहायचं असेल तर महाराजबागेत जा, तिथे बाराही महिने पाणी देतात. त्यांनी फोन ठेवून दिला. मी दिवसभर धुसफुसत राहिले. हा राग त्या बाईंवरचा नव्हता, हे मला माहीत आहे. तो फार जुना आहे आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे.

आमचं घर हिंगण्याच्या पुढे, बगिच्यातच होतं. तीन खोल्या, पुढे पत्र्याचा मांडव, मागे विहीर. घरात आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. बाबा हिंगण्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. कंपनीची बस फाट्यावर थांबायची. तिचा भोंगा ऐकू आला की आई चुलीवर तवा ठेवायची आणि बाबा चालत घरी येईपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची. जमीन आजोबांकडून आलेली, सातबाऱ्यावर नाव बाबांचं, पण झाडं आईची. हे मी कौतुकानं म्हणत नाही, ती खरोखरच तिची होती. ती लग्न होऊन आली तेव्हा इथे कापसाची पऱ्हाटी आणि तूर होती. तिचं माहेर नरखेडकडचं, संत्र्यावाल्यांचं. तिनं दोन वर्षं बाबांच्या मागे लागून परवानगी काढली आणि मग ऐन उन्हाळ्यात दोन बायांना सोबत घेऊन खड्डे खणले. कलमं माहेरून आणली. जी कमी पडली ती स्वतः बांधली. जंबेरी लिंबाच्या रोपाला चाकूनं चीर द्यायची, त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीनं आवळायचं, हे काम ती बोलता बोलता करायची. मला हात लावू द्यायची, पण पट्टी मी बांधली की सोडून पुन्हा बांधायची.

थंडीच्या दिवसांत सकाळ व्हायची ती विहिरीवरच्या मोटारीच्या घरघरीनं आणि पोपटांच्या कलकलाटानं. पोपट हाकलायला आई रिकामा तेलाचा डबा बडवत ओळींमधून फिरायची. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो आणि मी दचकून उठते. न्याहारीला ज्वारीची भाकर, ठेचा आणि कालचं वरण. रविवारी कोथिंबिरीची सांबारवडी, नाहीतर बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात. गोळाभातावर हिंग-मोहरीचं कढत तेल ओतलं की चर्र आवाज यायचा आणि बाबा खुर्चीवरून उठून पाटावर येऊन बसायचे. बाबा वाईट माणूस नव्हते. हसरे होते, बोलके होते, गावात त्यांना मान होता. फक्त बगिच्यातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि आपल्याला कळत नाही हेही त्यांना कळत नव्हतं. हा दुसरा दोष पहिल्यापेक्षा फार महागात पडतो.

आता ताणाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. संत्र्याचं झाड आपणहून ठरल्या वेळी फुलत नाही. त्याला उपाशी ठेवावं लागतं. आमच्याकडे डिसेंबरात फळं उतरली की पाणी तोडतात. महिना, सव्वा महिना झाडाला थेंबभर पाणी द्यायचं नाही. पानं कोमेजतात, कडेनं वळतात, रंग उडतो. पाहणाऱ्याला वाटतं बगिचा मेला. आणि मग जानेवारीत, नेमक्या दिवशी, खत घालून पाणी सोडायचं. तहानलेलं झाड ते पाणी पितं आणि अंगभर फुलतं. हाच बहार, त्यावरच पुढचं अख्खं वर्ष. पण ताण अर्धवट असताना पाणी मिळालं तर झाड नुसती पालवी फोडतं. आम्ही तिला नवती म्हणतो. दिसायला सुंदर, तजेलदार, आणि फूल एक नाही. उलट ताण जास्त झाला तर शेंडे वाळतात, झाड कायमचं बसतं. म्हणून रोज पाहावं लागतं, आणि तेही उजाडताना. दुपारी वळलेलं पान पहाटे उलगडलं असेल तर झाडाच्या पोटात अजून पाणी आहे. पहाटेसुद्धा वळलेलंच राहिलं तर तिथून दिवस मोजायला घ्यायचे. आई मला नववीपासून पहाटे सोबत नेत असे. डोक्याला स्कार्फ, हातात टॉर्च, ठरलेली आठ-दहा झाडं. ती पान दोन बोटांत धरायची आणि मला विचारायची, किती दिवस? मी सांगायची. चुकले की ती पुढच्या झाडाकडे चालायला लागायची. बरोबर आलं तरी पुढच्या झाडाकडेच चालायला लागायची. पण मी बारावीला गेले त्या वर्षी तिनं पाणी सोडायचा दिवस मला विचारून ठरवला. माझ्या आयुष्यात मला तेवढा मान पुढे कोणी दिला नाही.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना बाबांनी कंपनी सोडली. वेळेआधी घरी बसायची योजना आली होती, त्यांनी सही केली आणि घरी आले. पंधरा दिवस ते खुर्चीवर बसून बगिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांना कल्पना सुचली. कुणाकडून तरी ऐकून आले होते की शहरातले लोक बगिच्यात येऊन स्वतः फळं तोडायला तयार असतात, जेवायला घातलं तर आणखी खूश होतात. आईला कल्पना वाईट वाटली नाही. तिनं फक्त विचारलं, कधी? बाबा म्हणाले, नाताळाच्या सुट्टीत, डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी. आई म्हणाली, तेव्हा ताण असतो, लोकांना बोलवायचं तर महिनाभर आधी बोलवा. बाबा म्हणाले, लोकांना सुट्टी तेव्हाच असते. दोन दिवस घासाघीस झाली आणि आईनं तोड काढली. नाल्याकडचा अर्धा बगिचा नेहमीप्रमाणे व्यापाऱ्यानं उतरवून न्यावा. रस्त्याकडच्या अर्ध्याची फळं लोकांसाठी झाडावर राहू द्यावीत, पण पाणी मात्र दोन्हीकडचं वेळेवर तुटेल. बाबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी फाट्यावर बॅनर लागला. त्यावर बाबांचा हात जोडलेला फोटो आणि खाली ‘प्रगतिशील बागायतदार’. आई त्या बॅनरखालून डोक्यावर चारा घेऊन दोन वेळा आली-गेली, तिनं वर पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि मला लाज वाटायच्या ऐवजी अभिमान वाटला. हे लिहिताना आजही माझे दात आवळले जातात.

ताण लागून दोन आठवडे झाले आणि नरखेडला मामाचं ऑपरेशन निघालं. आईला जावं लागलं. जाताना तिनं मला मांडवाबाहेर नेलं आणि सांगितलं की रोज पहाटे पान पाहायचं, शंका आली तर फोन करायचा, आणि पाण्याला हात लावायचा नाही. अजून पंधरा दिवस तरी आहेत, असं ती म्हणाली. मी म्हटलं, सोळा. ती एसटीत चढताना हसली होती.

गुरुवारी बाबा रस्त्याकडच्या ओळींमधून फिरून आले आणि त्यांचा चेहरा उतरला. रविवारी लोक येणार, कंपनीतले जुने साहेब सहकुटुंब येणार, आणि झाडं अशी मेल्यासारखी. ते म्हणाले की पाहुण्यांना वाटेल आपण झाडांना पाणीही घालत नाही. मग म्हणाले की अर्ध्याच बगिच्याला एकदाच भरपूर पाणी दिलं तर असं काय बिघडतं, नाल्याकडचा तर आहेच. मी सांगितलं की बिघडतं. मी त्यांना नवतीचं सांगितलं, बहाराचं सांगितलं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुझ्या मैत्रिणी बी येऊन राहिल्या ना? त्यायले असं वाळलेलं दाखवतं काय?”

माझ्या चार मैत्रिणी येणार होत्या, हे खरं. धरमपेठेतल्या दोघी, बाकी दोघीही शहरातल्याच. कॉलेज सुरू झाल्यापासून मी त्यांना आमच्या बगिच्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मी झाडांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच ती मला त्यांच्या डोळ्यांनी दिसली. वळलेली पानं, धुळीचा रंग, मधूनमधून लोंबणारी पिवळी फळं. बाबांना मोटार सुरू करता येत होती, पण कुठल्या व्हॉल्वनं कुठे पाणी जातं ते त्यांना माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं. मी विहिरीवर गेले, नाल्याकडचा व्हॉल्व बंद केला, रस्त्याकडचा उघडला. पाणी आळ्यांमध्ये भरत गेलं, कोरडी माती बुडबुडे सोडत सुरसुर आवाज करायला लागली. तो आवाज मला लहानपणापासून आवडायचा. त्या दिवशीही आवडला. मी दुपारभर तिथेच बसून राहिले आणि आईला फोन केला नाही.

रविवारी झाडं खडबडून उभी राहिली होती. लोक आले आणि खूश झाले. बाबांनी हातात माइक नसतानाही माइक असल्यासारखं बोलून घेतलं, वीस वर्षांचे कष्ट वगैरे. फळ कसं तोडायचं ते मी दाखवलं, एका हातानं फळ धरायचं आणि कात्रीनं देठ जरासा ठेवून कापायचं. दोन मिनिटांत कात्र्या गवतात पडल्या आणि लोक फळं ओढायला लागले. ओढलं की देठाजवळची साल झाडालाच राहते आणि फळाला भोक पडतं, चार दिवसांत सडतं. एका साहेबांनी मुलाला खांद्यावर घेऊन फांदीच वाकवली, ती मोडली, आणि सगळे हसले. मीही हसले. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या की किती छान, किती हिरवंगार. संध्याकाळी बाबांनी मला जवळ घेऊन सांगितलं की तू होतीस म्हणून लाज राहिली.

आई सोमवारी दुपारी आली. फाट्यापासून चालत येताना तिला रस्त्याकडचीच झाडं आधी लागली. मी मांडवात उभी राहून पाहत होते. तिनं पिशवी खाली ठेवली नाही. पिशवी हातात धरूनच ती एका झाडाखाली वाकली, माती उकरली, बोटांत चुरगाळली. मग घरापर्यंत आली.

“पाणी कोणं सोडलं?”

मी म्हटलं, बाबांनी सांगितलं होतं.

“सांगितलं कोणं ते नाही विचारून राहिली मी. सोडलं कोणं?”

“मी.”

बाबा आतून बाहेर आले आणि बोलायला लागले, पाहुणे, साहेब, इज्जत. आईनं त्यांच्याकडे मान वळवली नाही. ती मला म्हणाली, “त्यायले समजत नाही, अर्चू. तुले समजते.” एवढं बोलून ती आत गेली, हातपाय धुतले आणि कणीक मळायला बसली. मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मारून झालं की विषय संपतो.

जानेवारीत नाल्याकडचा बगिचा पांढरा झाला. वास घरात यायचा, रात्री अंथरुणात यायचा. रस्त्याकडचा बगिचा हिरवा झाला, कोवळ्या लुसलुशीत पानांनी डवरला, आणि त्यात फूल शोधावं लागत होतं. वाटेनं जाणारे म्हणायचे, बाबाजी, यंदा झाडं काय सुरेख झाली. बाबा मान डोलवायचे. आईनं ते वर्ष मला बगिच्यातून काढून टाकलं. बाकी सगळं तसंच होतं. जेवायला वाढायची, परीक्षेच्या दिवसांत दूध आणून द्यायची, केसांना तेल लावायची. पण पहाटे एकटी जायची. व्हॉल्वच्या चाव्या तिनं काढून स्वतःच्या ट्रंकेत ठेवल्या. मी एकदा न राहवून बोर्डो मलमाचा डबा घेऊन खोडांना लावायला गेले, तर तिनं माझ्या हातातून ब्रश घेतला आणि शेजारच्या बाईला दिला. मला तिचा भयंकर राग यायचा. चूक बाबांची, हुकूम बाबांचा, बॅनर बाबांचा, आणि शिक्षा मला. बाबा तिच्या पंगतीला बसून तसेच जेवत होते, हसत होते. मी मनातल्या मनात तिला किती बोलले असेन, त्याला गणती नाही. आज माझ्याकडे कामाला येणारा नवा माणूस चुकला तर मी त्याला दोनदा समजावते, आणि जाणता माणूस चुकला तर माझा पारा चढतो. तेव्हा मला आई आठवते.

पुढचा डिसेंबर आला. बाबांनी या वेळी शहाणपणा केला होता, लोकांना महिन्याच्या पहिल्याच रविवारी बोलावलं होतं, ताणाच्या आधी. गेल्या वर्षीचे लोक आणखी लोकांना घेऊन येणार होते. आणि रस्त्याकडच्या बगिच्यात ओळीला दोन-चार फळं. नाल्याकडचा माल व्यापाऱ्यानं उतरवून नेला होता. आई म्हणाली, लोकांना फोन करा, यंदा नाही म्हणून सांगा. बाबा हो म्हणाले आणि फोन केला नाही. शनिवारी ते कळमन्याच्या बाजारातून टेम्पोत संत्र्यांचे क्रेट घेऊन आले. त्यांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून हिरव्या दोऱ्याची रिळं काढली आणि मला म्हणाले, चल, बांधायला लाग. प्रत्येक फळाच्या देठाला दोरा, दोरा फांदीला. मी पाहतच राहिले. आयुष्यभर नटबोल्ट आवळलेला माणूस शिडीवर उभा राहून बाजारातली संत्री झाडाला बांधत होता, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी म्हटलं, मी नाही बांधणार. ते चिडले, मग विनवणी करायला लागले, मग एकटेच बांधत राहिले. आई गोठ्याच्या दारातून पाहत होती. मग ती वैरण टाकायला आत वळली, आणि मला आणखीच संताप आला.

रविवारी पंचवीस-तीस लोक आले. बाबांनी भाषण केलं. लोक आत शिरले, झाडांवर तुटून पडले. दोन मिनिटंही झाली नसतील. एका लहान मुलीनं फळ ओढलं, फळ आलं, पण हातातून सुटून दोऱ्याला लोंबकळायला लागलं. ती ओरडून आईला म्हणाली की याला दोरा आहे. आजूबाजूचे वळले. बाबा घाईनं पुढे झाले आणि म्हणाले, वजनानं फांदी मोडू नये म्हणून आम्ही बांधतो. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात चुलीपासून आई आली. हाताला बेसन लागलेलं होतं. तिनं बाबांकडे पाहिलं नाही, त्या लोकांकडेही पाहिलं नाही.

“अर्चू, सांग त्यायले.”

वर्षभरात बगिच्याबद्दल ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मला गप्प राहता आलं असतं. बाबा माझ्याकडे पाहत होते, आणि ती नजर मी विसरू शकले नाही. मी सांगितलं. ही फळं कळमन्याची आहेत, आमची नाहीत. आमच्या झाडांना यंदा फळ नाही. मग ताण म्हणजे काय ते सांगितलं, पान पहाटे कसं पाहतात ते सांगितलं, गेल्या वर्षी तुम्हाला झाडं हिरवी दिसावीत म्हणून पाणी सोडलं आणि हा बहार गेला, तेही सांगितलं. आणि ते पाणी मी सोडलं, मला सगळं माहीत असताना सोडलं. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. कोणावरचा राग ते मला तेव्हा वेगळं काढता आलं नसतं. एक गृहस्थ म्हणाले की ही सरळ फसवणूक आहे, त्यांनी पोरांना गाडीत बसवलं. दोघं हसत मोबाइलवर दोऱ्याचे फोटो काढायला लागले. बाबा विहिरीकडे चालत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. गेल्या वर्षी आलेल्या एक बाई तिथेच थांबल्या होत्या. त्या जरा रागानंच म्हणाल्या की आम्हाला काय माहीत हे सगळं, आम्ही कुठे म्हटलं होतं पाणी सोडा म्हणून, वाळलेली झाडं पाहून आम्हाला काय कळणार होतं?

“विचारलं असतं तं सांगितलं असतं,” आई म्हणाली. मग ती सगळ्यांना जेवायला बसा म्हणाली. थांबले त्या सगळ्यांना तिनं गोळाभात वाढला, तेल मागेल त्याला तेल दिलं, आणि कोणालाही परत या म्हणाली नाही.

लोक गेल्यावर आम्ही दोघींनी दोरे कापून ती संत्री क्रेटमध्ये भरली. अंधार पडायच्या आत शेवटची ओळ झाली. बाबा मांडवात खुर्चीवर बसले होते, त्यांना कोणी हाक मारली नाही. आई कात्री बंद करून पदरात खोचत म्हणाली, “माफ नाही केलं मी तुले. उद्यापासून पाणी तोडाचं हाये. पाहाटे सहाले उठ.”

मी साडेपाचला उठले. आईनं मला शेवटपर्यंत माफ केलं नाही, तसं तिनं पुन्हा एकदा, म्हातारपणी, सहज बोलता बोलता सांगितलंही होतं. मी बाबांना केलं नाही. त्या बगिच्याचा ताण मात्र त्यानंतर आजपर्यंत कोणीही मोडलेला नाही.